सांडूने चाललेली शीव

सांडूला तू किती ओळखत होतास, असं कुणी विचारलं असतं तर रखमाजीने मान खाली घातली असती. एकाच गावात दोघांची पस्तीस वर्षं गेली. गावही एवढंसं, की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला कळावं. तरी सांडूच्या आईचं नाव काय, त्याला कालवण कोणतं आवडायचं, तो कधी कुणाजवळ रडला का, यातलं काहीही रखमाजीला सांगता आलं नसतं. त्याला सांडूची पावलं तेवढी ठाऊक होती. एका सकाळी अर्धा कोस तो त्या पावलांच्या मागे मागे चालला होता. ओळख म्हणावी तर तेवढीच, आणि त्या ओळखीचं ओझं मात्र पुढे जन्मभर पुरलं.

गावाचं नाव हिवरदरी. भोकरदन तालुक्यात, धावड्यापासून दोन कोस आत, डोंगराच्या कुशीत. शेजारच्या थोरखेड्याला गढी होती, धावड्याला बाजार होता. हिवरदरीला पंधरा उंबरे आणि वेशीवर नाक झिजलेला एक मारुती. म्हातारी माणसं गावाची कथा सांगायला बसली की चिलीम पेटायच्या आत ती संपून जायची. आधी इथे मेंढरं बसत, मग कारभारी पाटलाच्या पणज्याने नांगर घातला, मग प्लेगात सात घरं ओस पडली आणि त्यातली दोन पुन्हा उभी राहिली. झालं. निजामाच्या दफ्तरातसुद्धा या गावाला एक ओळ होती आणि तीही अर्धी.

गावाच्या मालकीचं नाव घेण्यासारखं एकच होतं, तो म्हणजे झरा. शिवेवरच्या हिवराच्या झाडाजवळ, खडकातल्या हंडाभर खोलीच्या खळग्यात चैत्र-वैशाखातही पाणी पाझरत राही. गावातली विहीर माघातच तळ दाखवायची. मग पंधरा घरांची तहान त्या खळग्यावर चाले.

फसली तेराशे बेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तेहेतीसच्या उन्हाळ्यात पैमाइशीचे लोक जमीन मोजायला साखळ्या घेऊन आले आणि झऱ्यापाशी अडले. थोरखेड्याचे म्हणाले, झरा आमच्या हद्दीत. हिवरदरीचे म्हणाले, आमच्या. मधला शिवदगड मागच्या पुरात कुठे गेला ते त्या पुरालाच ठाऊक. दोन दिवस आरडाओरडा ऐकून मोजणीवरचा अंमलदार, गिरदावर, कंटाळला. तट्टावर बसल्या बसल्या म्हणाला, "तुमी तुमच्यात ठरवा. जे ठरंल ते मी लिहून घेतो. पण जल्दी करा."

तेव्हा जुनी रीत निघाली. शीव चालायची. दोन्ही गावांना मान्य असलेल्या एका माणसाने अंघोळ करून, ओल्या धोतराने, अनवाणी, डोक्यावर शिवेची मूठभर माती घेऊन एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत जायचं. वाटेत बोलायचं नाही, थांबायचं नाही, मागे वळायचं नाही. त्याचं पाऊल पडेल ती शीव. त्यावर मग कुणी तक्रार करायची नाही. पण तो लोभाने खोटा चालला, दुसऱ्याची जमीन पायाखाली घेतली, तर वर्षाच्या आत त्याच्या घरातलं माणूस जातं, अशी लोकांची पक्की समजूत.

थोरखेड्याचा धर्मराज पाटील मोठ्या आवाजाचा गडी. तो म्हणाला, "चालणारा तुमच्या गावचा असला तरी चालंल. पण सांडू पाहिजे. बाकीचे तुमचे समदे तोंडाळ."

हिवरदरीचे कारभारी पाटील म्हणाले, "सांडू बोलत न्हाई म्हून खरा झाला व्हय?"

"बोलतच न्हाई, तं लबाडी कधी करंल बिचारा?"

माणसं हसली. सांडू मेंढरांजवळ काठीवर हनुवटी टेकून उभा होता. तो हसला नाही. चाळिशी ओलांडलेला, उंच, पाठीत किंचित वाकलेला. त्याला ना या गावात जमीन, ना त्या गावात. पंचवीस-तीस वर्षं त्या डोंगरावर मेंढरं चारलेली, म्हणून शीव त्याला हाताच्या रेषेसारखी ठाऊक. हिवरदरीकरांना काळजीच नव्हती. खरी शीव झऱ्याच्या पलीकडून, चार हातांवरून जायची. सांडू सरळ चालला की झाला झरा आपला. खोटं चालायची गरजच नव्हती.

रखमाजी तेव्हा बावीस वर्षांचा, नवं लग्न झालेला. हात स्थिर आहे म्हणून त्याच्याकडे चुन्याची पिशवी आली. सांडूच्या मागे दहा पावलांवर चालायचं आणि पाऊल पडेल तिथे चुना टाकायचा. बाकीची माणसं शंभर पावलं मागे. पुढच्या माणसाला कुणाचा श्वासही ऐकू जाऊ नये, अशी रीत.

डोंगरावरच्या काळ्या कातळापासून सांडू निघाला. डाव्या हाताला हिवरदरी, उजव्या हाताला थोरखेडा. पाणी निथळत होतं, डोक्यावरच्या मातीचा ओघळ कानामागून मानेवर आला होता. तो दोरी ताणल्यासारखा सरळ खाली उतरत होता. समोर हिवराचं झाड, त्याच्या अलीकडे डाव्या अंगाला झरा. रखमाजी चुना टाकत होता आणि मनात म्हणत होता, झालं, आता वीस पावलं, आता दहा.

तिथे जमिनीत तीन चपटे दगड शेजारी शेजारी बसवलेले होते. गवतात बुडालेले, कुणाच्या लक्षात न येणारे. नेमके शिवेच्या रेषेवर. सांडूचा उजवा पाय उचलला गेला तो त्या दगडांवर तसाच अधांतरी राहिला. थांबायचं नाही ही रीत, म्हणून तो थांबला असं म्हणता येत नाही. पण पाय वर होता, आणि रखमाजीला वाटलं, हा आता खाली पडतच नाही. मग तो डावीकडे पडला. त्याच्या पुढचा आणखी डावीकडे. डावीकडे लगेच झऱ्याचा खळगा, पाण्यातून जायला वाट नाही, म्हणून सांडू त्या खळग्यालाही डावीकडून वळसा घालून गेला आणि हिवरापाशी पुन्हा रेषेवर आला.

झरा उजव्या हाताला राहिला. थोरखेड्याचा झाला.

रखमाजीची मूठ पिशवीतच होती. मागची माणसं दूर होती, उतारावर होती, त्यांना पुढचं नीट दिसत नव्हतं. चुना सरळ टाकला असता तर कुणाला कळणार होतं? सांडू मागे वळणार नव्हता, बोलणार नव्हता. पण काम पावलावर चुना टाकायचं होतं. रखमाजीने पावलावर चुना टाकला. तिथली रेघ जराशी जाड आली, एवढंच.

पुढचं वर्ष हिवरदरीने सांडूच्या घरातलं माणूस कधी मरतं याची वाट पाहण्यात घालवलं. लोकांच्या मते त्याने थोरखेड्याचं काहीतरी खाल्लं होतं. घरात होतं कोण? सांडू आणि त्याची बायको साखराबाई. दोघंही ठणठणीत. आषाढात त्यांचा कुत्रा मेला, तेव्हा काहींनी त्याच्यावरच समाधान मानलं. "कुत्रं बी घरातलंच की," कडूबा म्हणाला. कडूबा गावातला सगळ्यात तिरका माणूस. सांडू पारावरून गेला की तो विचारायचा, "काय सांडूबा, थोरखेड्याचं ताक गोड हाय म्हणं?"  सांडू मेंढरांना चुचकारत पुढे निघून जायचा. हळूहळू गावाने त्याच्या लोकरीची घोंगडी घ्यायचं सोडलं. तो ती धावड्याच्या बाजारात नेऊ लागला.

आणि बाया पाण्यासाठी थोरखेड्याच्या बायांच्या मागे उभ्या राहू लागल्या. झरा त्यांचा, म्हणून त्यांचे हंडे आधी. त्यांचे भरून झाले की उरलेलं, गढूळ, तळाचं हिवरदरीला. रखमाजीची बायको गोजरबाई ऊन चढल्यावर घरी यायची, हंडा उतरवायची आणि मान चोळत म्हणायची, "तुमचा चुना लई महागात पडला बघा."

रखमाजी म्हणायचा, "मी काय केलं? पाऊल पडलं तिथं टाकला."

"मंग पावलाला इचारायचं व्हतं."

हे बोलणं इतक्या वेळा झालं की पुढे पुढे त्यात राग उरला नाही. जात्याच्या घरघरीसारखं ते घरात चालू राहिलं.

तिसऱ्या वर्षी रखमाजीचा एक गोऱ्हा हरवला. त्याला शोधत तो उन्हाच्या वेळी हिवराच्या बाजूला गेला, तर तिथे साखराबाई. त्या तीन दगडांपाशी बसलेली. पुढ्यात पळसाच्या पानावर दूध-गूळ घालून कुस्करलेली भाकर. नुकते दात आलेल्या लेकराला भरवतात, तशी मऊ. तिने रखमाजीला पाहिलं नाही. तो आल्या पावली मागे फिरला.

तेव्हा त्याला आठवलं. शीव चालायच्या तीन-चार वर्षं आधी सांडूच्या घरी एक मुलगी होती. दीड वर्षाची असेल. खोकल्याने गेली. तान्ह्या लेकरांना शिवेवर पुरायची चाल. कुणी विचारायला गेलं नव्हतं, कारण त्या थंडीत गावात चार लेकरं गेली होती.

गोऱ्हा बांधून रखमाजी ओट्यावर बसला आणि विचार करत राहिला. लेकरावर पाय द्यायचा नाही, हे समजलं. पण डावीकडेच का? उजवीकडे पाय टाकला असता तर दगडही चुकले असते, झराही राहिला असता, गावाने त्याला खांद्यावर घेतलं असतं. खूप वेळाने त्याला कळलं, किंवा कळल्यासारखं वाटलं. उजवीकडे थोरखेड्याची जमीन होती. ती पायाखाली घेतली असती तर खोटं चालणं झालं असतं. वळायचंच आहे, तर आपल्या गावाच्या अंगाला वळायचं. जाईल ते आपलं जाईल.

हे रखमाजीने कुणाला सांगितलं नाही. गोजरबाईलाही नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, मेलेल्या पोरीपायी जित्या गावाचं पाणी घालवलं. कुणीतरी रागाच्या भरात दगडही उपटेल. शिवाय हे सगळं आपणच मनाशी रचलेलं, खरं असेल कशावरून? सांडूला एकदा विचारावं, मग सांगावं, असं त्याने ठरवलं. आणि विचारायचं राहून गेलं. पेरणी आली, सुगी आली, वर्षं गेली. न विचारलेल्या गोष्टीचं वय झालं की ती विचारणं आणखी अवघड होतं.

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात रझाकारांच्या धास्तीने गाव रिकामं झालं. दऱ्यांमधल्या कपारी फक्त सांडूला ठाऊक. तो पुढे आणि अख्खी हिवरदरी त्याच्या मागे, कडूबासुद्धा. तीन आठवडे लोक त्याने दाखवलेल्या जागी राहिले, त्याच्या मेंढ्यांचं दूध प्याले. त्या दिवसांत झऱ्याचा विषय कुणी काढला नाही. रखमाजी पुन्हा त्या पावलांच्या मागे चालला. पावलं म्हातारी झाली होती, टाचा भेगाळल्या होत्या. विचारायला वेळ भरपूर होता. त्याने विचारलं नाही.

मग फौज आली, निजामाचं राज्य गेलं, माणसं घरी परतली. दिवाळीनंतर धावड्याला नव्या साहेबाचा मुक्काम पडला. जुन्या तक्रारी ऐकून घेणार, अशी दवंडी फिरली. कारभारी पाटील आता सत्तरीला टेकले होते. त्यांनी अर्ज दिला. शीव लाच खाऊन खोटी चालली गेली, झरा आमचा आम्हाला द्यावा. गवाही कुणाची? पावलांमागे चालला होता तो एकटा रखमाजी.

कारभारी म्हणाले, "तू फक्त येवढंच सांग, की पाऊल वाकडं पडलं. खोटं थोडंच हाय?"

खोटं नव्हतं. तेच अवघड होतं.

आदल्या दिवशी दुपारी रखमाजी सांडूच्या झोपडीवर गेला. सांडू कातरलेली लोकर पोत्यात दाबत होता. साखराबाईने ताकाचा गडू पुढे केला.

"बस की," सांडू म्हणाला. मग बराच वेळ लोकरीचंच काम.

"तात्या, कधी निघून राह्यला गंगथडीला?" रखमाजीने विचारलं. सुगी झाली की सांडू मेंढरं घेऊन गोदावरीच्या बाजूला उतरायचा.

"उंद्या न्हाई तं परवा. हितं आता गवतात काय दम न्हाई."

"उंद्या मला धावड्याला जायचंय."

"ठावं हाय."

"गवाही हाय."

"ते बी ठावं हाय."

रखमाजीने गडू दोन्ही हातांत फिरवला. सांगायला आला होता एक आणि तोंडातून निघालं भलतंच. "ताक चांगलं हाय."

साखराबाई चुलीपासून म्हणाली, "पंधरा वर्सांत ताकाचंच बोलले समदे. कुणी थोरखेड्याचं म्हणतंय, कुणी आमचं."

रखमाजीने गडू खाली ठेवला. तो खाली बघत म्हणाला, "तात्या, मी ते दगड पाह्यले व्हते."

सांडूचा हात लोकरीत थांबला. साखराबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.  बाहेर एक कोकरू ओरडत होतं, त्याला आई सापडली तेव्हा ते गप्प झालं.

"पाह्यलं आसंल," सांडू म्हणाला. "मागंच तं व्हता तू. जे दिसलं ते सांग. कमी न्हाई, जास्ती न्हाई."

"पण लोक म्हणतील..."

"लोक म्हणतच हायेत." त्याने पोत्याचं तोंड आवळलं, गाठ मारली आणि तिच्याकडे पाहत राहिला, जणू ती नीट बसली की नाही एवढीच काळजी होती. मग म्हणाला, "धावड्याला जाऊनच राह्यला, तं मेंढरांसाठी मीठ मिळालं तं आण. दोन म्हैने झाले, कुठं मिळंना."

"आणतो," रखमाजी म्हणाला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी साहेबाच्या तंबूत दोन्ही गावांची माणसं आली होती. धर्मराज पाटलाला आता काठी लागत होती, आवाज मात्र तसाच. रखमाजीने सांगितलं. बोलताना तो अडखळला, दोनदा पाणी प्याला. पाऊल डावीकडे पडलं, हे सांगितलं. त्यावर कारभारी पाटलांनी मान डोलावली.

साहेबाने विचारलं, "का पडलं?"

मग रखमाजीने दगडांचं सांगितलं. दगडांखाली कोण आहे ते सांगितलं. आणि उजवीकडे पाय टाकला असता तर झरा आमचाच राहिला असता, हेही सांगितलं. साहेबाला त्यात फारसं काही समजलं असावं असं वाटत नाही. तो लिहीत होता. पण कारभारी पाटलांचा हात तंबाखूच्या चंचीत गेला तो तिथेच राहिला. कडूबा मागे उकिडवा बसला होता, तो जमिनीवर काडीने रेघा ओढत होता, त्याने काडी टाकून दिली.

निकाल व्हायचा तोच झाला. दोन्ही गावांनी मान्य केलेली शीव, गिरदावराने लिहून घेतलेली. मोडता येत नाही. अर्ज नामंजूर.

तंबूबाहेर धर्मराज पाटील कारभारींच्या जवळ आले. घसा खाकरला. "उंद्यापासून तुमच्या बाया मागं उभ्या ठिवू नका. जी आधी येईल ती आधी भरंल."

"पंधरा वर्सांनी आकल आली व्हय?" कारभारी म्हणाले.

"आली तं आली. तुमाला कुठं आल्ती?"

कुणी हसलं नाही. जो तो आपापल्या वाटेला लागला. रखमाजीला वाटलं होतं, गवाही झाली की अंगावरून काही उतरेल. तसं काही झालं नाही. तो फक्त दमला होता. गोजरबाईची मान आता सरळ होणार नव्हती, आणि सांडूची ती वर्षंही कुणी परत आणून देणार नव्हतं. तो बाजारात तीन दुकानं फिरला, चौथ्यात मीठ मिळालं.

परतताना दिवस कलला होता. हिवराच्या खालच्या वाटेवर त्याला मेंढरं भेटली. सांडू निघाला होता. निकालासाठी थांबला नव्हता. साखराबाई तट्टावर भांडीकुंडी लादून पुढे गेली होती, झऱ्याच्या वळणापलीकडे तिचं लुगडं तेवढं दिसत होतं.

ही त्यांची शेवटची भेट. त्या वर्षी सांडू गंगथडीला तापाने वारला. वैशाखात साखराबाई एकटी मेंढरं घेऊन परत आली, तेव्हा कडूबाने उठून तिच्या मेंढरांच्या वाड्याचं काटेरी कुंपण नीट करून दिलं. पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी रखमाजीजवळ सांगायला खूप काही होतं. साहेब काय म्हणाला, धर्मराज काय म्हणाला, कारभारींचा हात कसा थांबला. आणि माफ कर तात्या, मी हे आधीच सांगायला हवं होतं. त्याने तोंड उघडलंही.

सांडू काठीवर टेकून उभा राहिला. मेंढरं त्याच्या दोन्ही अंगांनी वाहत पुढे गेली.

"मीठ मिळालं का?" त्याने विचारलं.

"मिळालं." रखमाजीने पुडकं पुढे केलं. "खडं मोठं हाय पण."

"चालतंय," सांडू म्हणाला. "मेंढरं चाटत्यात."